निळ्या रंगाखालची पायरी

मी शिडी बोलतेय. आधीच सांगून ठेवते, मी जळकी आहे. साळसूदपणाचा आव मला जमत नाही. माझी जागा जिनं घेतली तिचं भलं व्हावं, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. तिच्या चारही चाकांतली हवा जावो, असंच मी म्हणत होते. पुढं कळलं की तिच्या चाकांत हवा नसतेच, भरीव रबर असतं. मग तर मी आणखीच चिडले.

माझा जन्म वर्ध्याजवळच्या आंजीतला. तिथं कवडू मिस्त्री म्हणून सुतार होते. कुणाच्या तरी घराच्या दारातून उरलेलं सागाचं लाकूड होतं, त्यातून त्यांनी मला घडवलं. पुढं आठ पायऱ्या, मागं दोन पायांचा टेका, डोक्याशी बिजागरी आणि पोटाशी साखळी, पाय फाकून मी बसकण मारू नये म्हणून. असल्या शिडीला आमच्याकडे घोडी म्हणतात. तयार झाल्यावर मिस्त्री स्वतः वरच्या पायरीवर चढले, दोनदा नाचले आणि समोरच्या तरण्या पोराला म्हणाले, "ने रे कैलास. तू पडशीन, पण ही नाई पडणार."

हा कैलास म्हणजे गावातल्याच कुंताबाईंचा धाकटा मुलगा. थोरला भाऊ वांगी-दोडक्याची शेती बघायचा. कैलास आयटीआय करून गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये वायरमन म्हणून नुकता लागला होता. कापसातून सरकी काढायची, रुई दाबून गाठी बांधायच्या, असं तिथलं काम. कारखान्याला शिडी हवी होती आणि कैलासला आपल्या गावच्या सुताराचीच हवी होती. तेव्हापासून आमची जोडी जमली, ती एकोणीस वर्षं.

त्याची एक सवय होती. माझ्यावर चढण्याआधी तो चपला काढायचा, तिसऱ्या पायरीला बोटं लावायचा आणि ती बोटं कपाळाला न्यायचा. लोक हसायचे. तो म्हणायचा, "हिच्या भरवशावर जीव टांगतो, अन् हिच्यावरच चप्पल घालून पाय देऊ काय?" अहो, त्याच्या पायाचा अंगठा मी डोळे मिटून ओळखते. उजव्या टाचेला भेग आहे, ती हिवाळ्यात वाढते. एवढं त्याच्या बायकोला तरी माहीत असेल का, शंकाच आहे.

दसऱ्याला तर माझा थाटच असायचा. कारखान्यातली सगळी हत्यारं ओळीनं मांडायची, त्यांना हळदकुंकू, झेंडूचा हार. आणि मला त्याआधी निळा ऑइलपेंट. दरवर्षी नवा हात. पान्हे, हातोडे तेलाच्या चिंधीवर भागायचे, रंग फक्त मला. मी मिरवायची, कबूल करते.

मग नवी शेड आली. जुन्या शेडचं छत चौदा फुटांवर, तिथं मी राणी. नवीचं अठ्ठेचाळीस फुटांवर. वरचे दिवे आणि वारा ओढणारे मोठे पंखे बघताना कैलासची मान दुखायची. मी भिंतीला टेकून त्याच्याकडे बघायची, तो माझ्याकडे बघायचा नाही.

एके दुपारी मॅनेजर प्रफुल्लसाहेब पाच-सहा रंगीत कागद घेऊन आले आणि त्यांनी ते एका गाठीवर पसरले. साहेब माणूस वाईट नाही, फक्त घाईचा. म्हणाले, "कैलासभाऊ, मशीन घेऊन राह्यलो. कात्रीवाली नको, थे सरळ वरच जाते. आपल्याले गाठी दाबाचं प्रेस मशीन ओलांडून पलीकडे पोचाचं आहे. डिझेलची नको, इथं रुई उडते, एक ठिणगी पडली का संपलं. बॅटरीवर चालणारी बूम लिफ्ट घेऊ. हात कोपरात वाकवून पुढं जाते, शेंड्याले माणूस उभा राह्याचा पिंजरा."

"उंची किती जाते, साहेब?"

"छत अठ्ठेचाळीस, हिची लिहिली आहे अठ्ठेचाळीस. बरोबर जुळलं!"

"अन् आडवी किती जाते?"

"अरे, वर गेली म्हणजे आडवीबी जाईनच ना बाप्पा!"

मी ऐकत होते. माझा जन्म उंची मोजण्यात गेलाय. कुठलीही वस्तू आडवी कलली की तिची उंची घटते, हे मला कुणी शिकवायला नको. साहेबांनी अर्धं बरोबर निवडलं आणि अर्धं विसरले. पण मला विचारतो कोण? आणि खरं सांगू, विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

जूनमध्ये ती आली. मोठ्या ट्रेलरवर बसून, नारिंगी रंगाची, अंगावर ओरखडा नाही. गेटपाशी सगळा कारखाना गोळा. चारही चाकांखाली लिंबं, समोर नारळ, पुढच्या पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक. आणि हार? कैलासनं स्वतःच्या हातानं पिंजऱ्यातल्या एका लाल बटणावर अडकवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकोणीस वर्षं ज्या हातांनी मला हार घातला, तेच हात हे! हिनं अजून एक दिवासुद्धा बदलला नव्हता. त्याच संध्याकाळी जागा करायला म्हणून मला शेडच्या मागं नेऊन टाकलं, पन्हळीखाली.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी. शिकवायला आल्या मंजुषा मॅडम. राहायच्या इथंच, बोरगाव मेघेला, पण जिल्हाभर कारखान्यांतून असली यंत्रं शिकवत फिरायच्या. वय पस्तिशीचं, डोक्यावर पांढरं हेल्मेट. मागच्या दारातून मला सगळं दिसत होतं. मॅडमनी आल्या आल्या तो हार काढला.

"दादा, हे लाल बटण दाबलं का मशीन जागच्या जागी थांबते. यावर हार नको, वेळेवर हात पोचला पाहिजे."

मी खूश. मग कैलास पिंजऱ्यात चढायला निघाला आणि सवयीनं त्यानं बूट काढले.

"हे काऊन काढले?"

"मॅडम, कालच पूजा झाली हिची."

"पूजेनं तिले बरं वाटलं असंन. आता तुमच्या पायाचं पहा. घाला बूट."

त्यानं घातले. मला तर नाचावंसं वाटलं. ऐकलंत ना? माझ्यावर अनवाणी आणि तिच्यावर बुटानं! तेवढ्या एका गोष्टीवर मी पुढचे आठ दिवस काढले.

बाई शिकवत मात्र छान होती. हे मला कबूल करावं लागतंय आणि ते कडू लागतंय. सकाळी चालू करण्याआधी मशीनभोवती फेरी मारायची, तेल गळतं का बघायचं, चाकाखाली खड्डा नाही ना बघायचं. कमरेचा पट्टा घालायचा आणि त्याच्या दोराचा हूक पिंजऱ्यातल्या कडीलाच लावायचा, छताच्या लोखंडाला कधी नाही. दोन्ही पाय पिंजऱ्याच्या तळावरच. "कठड्यावर चढाचं नाई. खाली डबा, स्टूल, शिडी, काहीच ठेवाचं नाई," असं त्या बोट नाचवत म्हणाल्या. शिडी म्हणताना त्या माझ्याकडेच बघत होत्या, असं मला वाटलं.

एकदा स्वतः वर गेल्या आणि वरून ओरडल्या, "मी बेशुद्ध पडली असं समजा. खालच्या बटणांनी उतरवा मले." कैलासला दोनदा जमेना. कपाळावर घाम. तिसऱ्यांदा त्यानं मॅडमना हळूच जमिनीवर आणलं आणि पोरानं पास व्हावं तसा हसला. माझ्याबरोबर तो असा कधी हसला होता, मी आठवत बसले.

तिसऱ्या दिवशी मॅडम मागच्या दाराशी चहा पीत उभ्या होत्या. त्यांनी मला टिचकी मारून पाहिली, पायऱ्यांवरून नख फिरवलं.

"दादा, हिले रंग कोण मारला?"

"मीच. दर दसऱ्याले मारतो."

"लाकडी शिडीले रंग मारत नाईत. रंगाखाली भेग गेली, लाकूड कुजलं, तरी दिसत नाई. पुढे मारू नका. अन् हिले पाण्यातून काढा."

मला त्या बाईचा असा राग आला म्हणता! एकुलता एक दागिना माझा, त्याच्यावरही हिचा डोळा. जाताना त्यांनी प्रफुल्लसाहेबांना आणखी एक सांगितलं. "साहेब, कागदावरची अठ्ठेचाळीस ही सरळ वर गेल्यावरची, अन् त्यात माणसानं वर केलेला हातही धरला आहे. प्रेस ओलांडून आडवी गेली का ही तीन फूट कमी पडते. प्रेसवरचा पंखा हिच्या हाती लागणार नाई. त्या कामाले मोठी लिफ्ट भाड्यानं आणजा."

"आणू ना, मॅडम," साहेब म्हणाले.

तीन फूट कमी! पाऊस पडत होता, पन्हळीचं पाणी माझ्या पायांशी साचत होतं, तरी मी मनात फुगड्या घालत होते. नारिंगी नखऱ्याची तीन फुटांवर मान अडकली होती. आणि तीन फूट म्हणजे माझ्या तीन पायऱ्या. पाण्यातून मला काढायला मात्र कुणी आलं नाही. कैलासला वर जायची नवी हौस होती. तो तिच्यासोबत रोज वर जायचा, छताशी हिंडायचा, आणि खाली आला की तिच्या सांध्यांना ग्रीस लावायचा, तासन्‌तास.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो मागं आला. त्यानं मला उचललं, पुसलं, बराच वेळ नुसता बघत राहिला. "लय हाल झाले तुये," म्हणाला. मग निळा डबा आणला. मॅडमचं बोलणं त्याला आठवलं असणार, कारण ब्रश बुडवून तो थांबला. "वर्षाचा सण आहे, मॅडमले काय माईत," असं स्वतःशीच पुटपुटला आणि त्यानं मला रंगवलं. ओल्या लाकडावर, वरपासून खालपर्यंत. सगळ्यात जास्त रंग खालच्या पायरीला लागला, कारण ती काळी पडली होती.

ती पायरी आतून भुसभुशीत झालीय, हे मला कळत होतं. पण माझ्यासाठी त्यानं मॅडमचा शब्द मोडला होता. त्या सुखात मी सगळं गिळलं.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली आणि एका मंगळवारी नेमका प्रेसवरचा पंखा बंद पडला. शेडमध्ये रुईचा धुरळा कोंडला, माणसं खोकू लागली. मोठी लिफ्ट नागपूरहून गुरुवारी येणार होती. प्रफुल्लसाहेब येरझाऱ्या घालत होते. घालता घालता त्यांची नजर दसऱ्यापासून आत भिंतीला टेकलेल्या माझ्यावर पडली.

"कैलासभाऊ, तीन फूट. तीनच फूट. ही घोडी घ्या ना पिंजऱ्यात."

"मॅडमनं मनाई केली आहे, साहेब."

"मॅडम बोरगावले आहेत. हिच्यावर एकोणीस वर्षांत तुमचा पाय कधी घसरला? सांगा!"

कैलास माझ्याकडे बघू लागला. किती महिन्यांनी त्यानं माझ्याकडे तसं बघितलं होतं! मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज कळतं. तेव्हा मी मनात एकच धोशा लावला होता, घे मला, घे, दाखवू दे हिला. हा माझा गुन्हा आहे आणि तो मी कुणावर ढकलत नाही.

त्यानं मला उचललं आणि तिच्या पिंजऱ्यात ठेवलं.

तिनं हात वाकवला आणि आम्ही वर निघालो. दहा फूट, वीस, तीस. जन्मात इतकी उंची मी पाहिली नव्हती. खाली माणसांची डोकी बारीक झाली, प्रेस मशीन डब्याएवढं दिसू लागलं. आणि मी तिच्या डोक्यावर! "काय गं, नारिंगे," मी मनात म्हणाले, "नारळ तुला, हार तुला, आणि शेवटी नड पडली ती माझी! पुरलीस का?" ती नुसती घरघरत होती. प्रेसवरून आडवी होताना तिच्या हाताला हलका झोका बसू लागला. तो झोका मला आवडला नाही, पण मी तो नजरेआड केला.

पिंजऱ्यात पाय उघडायला जागा नव्हती. कैलासनं मला मिटून कठड्याला टेकवलं. मग तो वाकला आणि त्यानं बूट काढले.

तिथं माझी सगळी मस्ती उतरली. अनवाणी पाय म्हणजे तो आता माझ्या भरवशावर जाणार. त्यानं तिसऱ्या पायरीला बोटं लावली, कपाळाला लावली. दोर आखूड पडत होता. तो मुद्दामच आखूड असतो, माणूस कठड्याबाहेर जाऊ नये म्हणून. हूक सोडल्याशिवाय माझ्यावर चढता येणार नव्हतं. कैलासनं उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि हात हुकाकडे नेला. त्या टाचेची भेग मला लागली.

नको रे! माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा त्याला नको म्हणत होते. तीन पायऱ्या वर गेल्यावर हा झोका, कमरेला काही नाही आणि खाली लोखंडी प्रेस.

पायरी मोडली. मीच मोडली की कुजली होती म्हणून मोडली, ते मला आजही सांगता यायचं नाही. कडाडकन आवाज झाला, त्याचा पाय खाली गेला, तो तोल जाऊन कठड्यावर आदळला आणि दोराला हिसका बसला. हूक सुटला नव्हता. तिच्या कठड्यानं त्याला आत ठेवलं, तिच्या कडीनं त्याला धरलं. एकोणीस वर्षं ज्याला मी तोललं, त्याला त्या क्षणी तिनं तोललं. मी तर त्याला पाडलं होतं.

तो पिंजऱ्याच्या तळावर बसला. जाळीतून खाली बघितलं आणि लगेच डोळे मिटले. मग त्यानं बूट घातले, दोन्ही नाड्या नीट बांधल्या, हूक ओढून पाहिला आणि हळूहळू खाली आला.

प्रफुल्लसाहेबांच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. "कैलासभाऊ, मीच म्हटलं होतं चढा म्हणून," एवढंच बोलले. गुरुवारी मोठी लिफ्ट आली आणि पंखा अर्ध्या तासात सुरू झाला. दोन दिवस थांबायचं, एवढाच प्रश्न होता.

मॅडमना फोन कैलासनंच केला. त्या आल्या, तर तो कोपऱ्यात सुरीनं माझ्या मोडक्या पायरीचा रंग खरवडत बसला होता. थरावर थर निघाले. शेवटच्या थराखाली लाकूड नव्हतंच, काळा भुसा होता. तो त्यानं चिमटीत घेतला.

"मॅडम, तुमी नाई म्हटलं होतं. तरी मीच मारला हा रंग."

मॅडम रागावल्या नाहीत. शेजारी बसल्या. "दादा, मोडकी शिडी कोपऱ्यात ठेवाची नाई. कोणी ना कोणी चढतेच. तोडून टाका."

"मी घरी नेतो. शप्पथ, हिच्यावर कोणी चढणार नाई."

त्यानं शब्द पाळला. बिजागरी काढून माझे दोन भाग केले, आणि आता मी आंजीला कुंताबाईंच्या मळ्यात दोन मेढींवर आडवी पडून आहे. माझ्यावर दोडक्याचा वेल आहे. शिडीनं आडवं पडायचं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला नाही कळायचं. निळा रंग उन्हानं उडत चाललाय. कुंताबाई दोडके तोडतात, माझ्याशी बोलत नाहीत, पण त्यांचा हात मऊ आहे.

कैलास संध्याकाळी कामावरून मळ्यात येतो. बांधाशी बूट काढतो, वेल बाजूला सारतो आणि तिसऱ्या पायरीला बोटं लावतो.

"तिले काऊन हात लावतं रे रोज?" कुंताबाई विचारतात.

"सवय झाली, माय."

त्याच्या बोटांना ग्रीसचा वास येतो. तिच्या सांध्यांचा. माझ्या अंगाची आग होते, अजूनही होते. कधीकधी त्याला यायला उशीर होतो, आणि मग मी रस्त्याकडे कान लावून तिलाच विनवत बसते, बये नारिंगे, तुझ्या कठड्याच्या आत ठेव त्याला, तुझी कडी सोडू नकोस, आणि दिवेलागणीला माझ्याकडे धाड. मग बांधाशी बूट वाजतात, बोटं येतात, आणि तो वास येतो.

जळू दे मला. रोज जळू दे.